शाल, श्रीफळ आणि पावतीपुस्तक

जुलै उजाडला की तालुक्याच्या गावांतून रोटरी-लायन्सच्या पदग्रहणाचे फलक लागतात. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, भाषणापेक्षा लांब परिचय, वर्षभराच्या प्रकल्पांची यादी आणि शेवटी आभार. या सगळ्याचं मूळ शिकागोत सांगितलं जातं. 23 फेब्रुवारी 1905 रोजी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना गोळा करून रोटरी सुरू केली. मुंबईत ती 1929 मध्ये आली. लायन्स भारतात 1956 मध्ये. कागदावरची ही वंशावळ खरीच आहे. पण जालना जिल्ह्यातल्या अंबडकडून मागे चालत गेलं तर भलतीच घराणी लागतात.

पाहुण्या वक्त्याचंच घ्या. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि वादाला मोकळं असं व्याख्यान ब्रिटिश मुलखातल्या गावागावांत रुजलं. अंबड मात्र निजामाच्या राज्यात. तिथे ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या फर्मानामुळे सभा घ्यायची तर आधी सरकारी परवानगी काढावी लागे. त्यामुळे बोलायचं ते कीर्तनात, मेळ्यात, वाचनालयाच्या आडोशाने. 1937 मध्ये निजाम राज्यातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन शेजारच्या परतूरला भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष होते. भाषण ऐकायला जाणं हीच तेव्हा एक भूमिका असे. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं आणि ती धास्ती गेली. बाहेरचा गुणी माणूस बोलावून गावाने ऐकत बसायचं, ही सवय अंबडला दत्तजयंतीच्या संगीत समारोहानेही लावली. क्लबला श्रोते आयते मिळाले. आजचे वक्ते बहुधा ‘यशाची सूत्रं’ सांगतात, हा त्या श्रोत्यांवर थोडा अन्यायच.

पैशांची गोष्ट सोपी आहे. वर्गणी गणेशोत्सवाने शिकवली. पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहिलेल्यांना किती रकमेवर हसायचं हे पाठ असतं. क्लबने त्यात ऑर्केस्ट्रा, भाग्यवान सोडत आणि स्मरणिका यांची भर घातली. जालना जिल्ह्यातली अशी स्मरणिका चाळली की बाजारपेठ कळते: बियाणं, खतं, सळया, आडत. पाव पान, अर्धं पान, खाली ‘शुभेच्छुक’. लेख कोणी वाचत नाही, आपली जाहिरात कोणत्या पानावर आहे ते मात्र बघतात.

प्रकल्पांचं घराणं सगळ्यांत जुनं. होळकरांच्या काळातली पुष्करणी बारव अंबडात आजही अहिल्याबाईंच्या नावाने ओळखली जाते. 1767 ते 1795 या कारकिर्दीत त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या बऱ्याचशा आपल्या खासगीच्या उत्पन्नातून. पाण्यावर खर्च करणं हे मराठवाड्यात पुण्याचं पहिलं काम. 2012-13 च्या दुष्काळात जालना शहराच्या नळाला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा घाणेवाडी तलावातला गाळ लोकवर्गणीतून निघाला. त्यात नाव कोणत्या संस्थेचं, हे डंपर मोजणाऱ्यांना महत्त्वाचं नव्हतं.

नेत्रशिबिर मात्र क्लबांच्याच नावाशी जोडलेलं. 1925 मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहा असं आवाहन केलं, तिथपासून डोळे हा त्यांचा विषय झाला. म्हातारी माणसं पिशवीत एक लुगडं-धोतर टाकून तपासणीला येतात, मोतीबिंदू निघाला की कपाळावर चिकटपट्टीने नंबर लागतो आणि गाडी रुग्णालयाकडे निघते. या भागातून ती बहुधा बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने जालन्यात उभ्या राहिलेल्या गणपती नेत्रालयाकडे वळते. पोलिओचं श्रेय रोटरीला द्यायलाच हवं: 1985 पासून ती या कामाला चिकटून राहिली, आणि 2011 नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही.

एक विसंगती मला सोडवत नाही. रोटरीने जगभर बायकांना सदस्यत्व खुलं केलं ते 1989 मध्ये. तोवर त्या पदग्रहणाला यायच्या त्या कोणाच्या तरी ‘सौ.’ म्हणून. आणि गावातलं सगळ्यांत मोठं दान, ती बारव, एका बाईच्या नावावर!

क्लबने आणलेली खरी नवी गोष्ट म्हणजे एका वर्षाचा अध्यक्ष. कोणी खुर्चीला चिकटत नाही, नवा माणूस नव्या हौसेने कामाला लागतो. पण सातत्याचं काय? होळकरी देवस्थानांना दिवाबत्तीची नेमणूक असे, बांधणारा गेला तरी तेल येत राही. शाळेत बसवलेल्या पाण्याच्या यंत्राचा फिल्टर मात्र नेमका पुढच्या अध्यक्षाच्या वर्षात बदलायला येतो, आणि त्याचा स्वतःचा प्रकल्प ठरलेला असतो.