आफ्रिका खंडाचे भूगोल-अध्यापन

आफ्रिका खंडाचे भूगोल-अध्यापन म्हणजे आफ्रिकेची भूरचना, हवामान, नद्या, लोकसंख्या, भाषा आणि अर्थव्यवहार यांची परस्परांशी सांगड घालून शालेय विद्यार्थ्यांना करून दिलेली ओळख होय. सुमारे ३ कोटी ३ लाख चौ. किमी क्षेत्रफळाचे हे खंड आकाराने आशियानंतर दुसऱ्या क्रमांकाचे असून त्यात संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश आहेत. २०२४ मध्ये खंडाची लोकसंख्या १५० कोटींच्या आसपास होती. विषुववृत्त, कर्कवृत्त आणि मकरवृत्त ही तिन्ही वृत्ते ज्यातून जातात असे हे एकमेव खंड आहे. त्यामुळे हवामान-पट्ट्यांची संकल्पना शिकवण्यासाठी ते अतिशय सोयीचे ठरते. मात्र ही सोयच अध्यापनातील मुख्य अडचणही बनते. पट्टे पाठ झाले की खंड समजले, असा समज होऊन वाळवंट, जंगल, वन्य प्राणी आणि दारिद्र्य एवढ्या चार शब्दांत आफ्रिका संपते.

नकाशा आणि आकारमान

अध्यापनाची सुरुवात बहुधा भिंतीवरील जगाच्या नकाशापासून होते आणि पहिला गैरसमजही तेथेच निर्माण होतो. गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये तयार केलेले प्रक्षेपण सागरी प्रवासासाठी होते. त्यावर दिशाकोन अचूक राहतात, परंतु विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्रफळ फुगत जाते. ६० अंश अक्षवृत्तावरील प्रदेश विषुववृत्तावरील प्रदेशाच्या तुलनेत चौपट मोठा दिसतो. परिणामी ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारख्याच आकाराचे भासतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे. तिच्यात भारत नऊ वेळा आणि महाराष्ट्र जवळपास ९८ वेळा मावतो.

यावर उपाय म्हणून समक्षेत्र प्रक्षेपणे वापरली जातात. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या सार्वजनिक शाळांनी २०१७ मध्ये गॉल-पीटर्स प्रक्षेपणाचे नकाशे वर्गांत लावले. त्यात क्षेत्रफळ योग्य प्रमाणात असले तरी विषुववृत्तीय प्रदेश उभे ताणलेले दिसतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इक्वल अर्थ’ प्रक्षेपणात हा दोष बराच कमी आहे. तरीही पृथ्वीगोलाची जागा कोणताही सपाट नकाशा घेऊ शकत नाही. पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून ग्रीनलंड, भारत आणि आफ्रिका यांच्या बाह्यरेषा गिरवाव्यात व आलेख कागदावर त्यांतील चौकोन मोजावेत, हा खर्च नसलेला प्रयोग लांबलचक स्पष्टीकरणापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो.

प्राकृतिक भूगोल

आफ्रिका हे प्रामुख्याने पठारी खंड आहे. पठाराच्या कडा अनेक ठिकाणी किनाऱ्यालगत एकदम उतरतात, म्हणून नद्या समुद्राजवळ पोहोचतानाच धबधबे आणि द्रुतवाह निर्माण करतात. काँगो नदी किन्शासाच्या खाली लिव्हिंगस्टन प्रपातमालेतून वाहते आणि त्यामुळे अटलांटिक महासागरातून जहाजाने थेट अंतर्भागात जाता येत नाही. किनाराही आकाराच्या मानाने फारसा दंतुर नाही, म्हणून नैसर्गिक बंदरे कमी आहेत. युरोपीय लोक अनेक शतके किनाऱ्यावरच का थांबले, याच्या कारणांपैकी हे एक आहे. मात्र केवळ भूरचनेवर बोट ठेवल्यास हिवताप आणि किनाऱ्यावरील प्रबळ राज्यांचा प्रतिकार ही कारणे दुर्लक्षित राहतात.

हवामानाचे पट्टे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आरशातल्या प्रतिमेप्रमाणे मांडलेले दिसतात: मध्यभागी वर्षावने, त्यानंतर सॅव्हाना गवताळ प्रदेश, मग वाळवंट आणि अगदी टोकांना भूमध्यसागरी हवामान. विद्यार्थ्यांना हा क्रम लवकर कळतो. खरे शिक्षण मात्र तो क्रम जिथे मोडतो तिथे सुरू होते. केनियातील नैरोबी विषुववृत्तापासून दीड अंशाहून कमी अंतरावर आहे, तरी तेथे वर्षावन नाही. शहर सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा सौम्य असते. ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो पर्वत विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर असूनही त्याच्या माथ्यावर हिम आढळते. नामिब वाळवंट समुद्रालगत असूनही कोरडे आहे, कारण बेंग्वेला शीत प्रवाहामुळे तेथे धुके पडते, पण पाऊस क्वचितच होतो. सहाराचाही सुमारे पाव भागच वाळूने व्यापलेला असून उरलेले वाळवंट खडकाळ पठारे आणि खडी-गोट्यांची मैदाने यांचे आहे. ‘वाळवंट’ या मराठी शब्दातच वाळू असल्याने ही बाब स्वतंत्रपणे सांगावी लागते.

नद्यांच्या पाठात काँगो आणि नाईल यांची तुलना विशेष उपयुक्त आहे. काँगोचे खोरे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहे. एका बाजूला कोरडा ऋतू असतो तेव्हा दुसरीकडे पाऊस पडत असतो आणि त्यामुळे नदीचा प्रवाह वर्षभर बराचसा स्थिर राहतो. नाईलचे तसे नाही. इजिप्तमध्ये पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथियोपियाच्या उंच प्रदेशातून येते आणि तेही मुख्यतः जून ते सप्टेंबरच्या पावसाचे असते. इथियोपियाने निळ्या नाईलवर २०११ पासून बांधलेल्या महाधरणाबाबत इजिप्तला वाटणारी चिंता या एका आकड्यावरून उलगडते.

मानवी भूगोल

खंडात सुमारे २,००० भाषा बोलल्या जातात. एकट्या नायजेरियात ५०० हून अधिक भाषा आहेत. रवांडामध्ये लोकसंख्येची घनता दर चौ. किमीला ५०० च्या वर आहे, तर नामिबियात ती चारच्या आसपास आहे. ‘आफ्रिकेची सरासरी घनता’ हा आकडा म्हणूनच फारसे काही सांगत नाही. खंडाचे सरासरी वय मात्र सांगण्यासारखे आहे. निम्मी लोकसंख्या साधारण विशीच्या आतली असून संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० च्या सुमारास जगातील दर चार व्यक्तींपैकी एक आफ्रिकेतील असेल. आज शाळेत असलेले विद्यार्थी त्या जगातच नोकरी-व्यवसाय करतील.

राजकीय सीमांचा विषय बर्लिन परिषदेशिवाय (१८८४–८५) पूर्ण होत नाही. या परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. तथापि परिषदेतच पट्टी लावून खंड वाटून घेतले गेले, हे प्रचलित वर्णन अपुरे आहे. तेथे ताब्याचे नियम आणि काँगो व नायजर नद्यांवरील नौकानयन यांवर करार झाला, तर बहुतेक सीमा पुढील काळातील द्विपक्षीय तहांनी ठरल्या. गांबियाचा चिंचोळा आकार हे सीमानिर्मितीचे वर्गात दाखवण्याजोगे उदाहरण आहे. नदीच्या दोन्ही तीरांवरील ही पट्टी ब्रिटिशांकडे आणि भोवतालचा सेनेगल फ्रेंचांकडे राहिला. स्वातंत्र्यानंतर आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६४ च्या कैरो ठरावाद्वारे वारशाने मिळालेल्या सीमा मान्य केल्या. आज १६ देश भूवेष्टित असून त्यांचा आयात-निर्यात खर्च शेजारच्या बंदरांवर अवलंबून असतो.

देशांची संख्या आणि नावे हा नेहमीच्या चुकांचा भाग आहे. दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला आणि स्वाझीलंडचे नाव २०१८ मध्ये इस्वातिनी झाले. आफ्रिकी संघाचे सदस्य ५५ आहेत, कारण त्यात वादग्रस्त पश्चिम सहाराच्या सहारावी प्रजासत्ताकाचा समावेश होतो. खंडाचे दक्षिण टोक केप ऑफ गुड होप नसून केप अगुलास आहे.

‘काळे खंड’ हा मराठीतही रूढ झालेला शब्दप्रयोग हेन्री स्टॅन्ली याच्या १८७८ च्या प्रवासग्रंथाने लोकप्रिय झालेल्या इंग्रजी संज्ञेशी जुळणारा आहे. ही संज्ञा युरोपीय लोकांचे अज्ञान दर्शवते, खंडाचे वैशिष्ट्य नव्हे. अध्यापनात ती टाळणे किंवा तिच्या इतिहासासह सांगणे योग्य ठरते.

महाराष्ट्राशी असलेले दुवे

मराठी विद्यार्थ्यांसाठी आफ्रिका वाटते तितकी दूर नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा निम्नस्तरीय झोत पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशालगत विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात वळतो आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस आणतो. भारत व मादागास्कर हे भूभाग सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. दख्खनचा बेसॉल्ट ज्या उष्णस्थानाच्या उद्रेकांतून निर्माण झाला असे मानले जाते, त्याच उष्णस्थानावर आज हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेट असून तेथील ज्वालामुखी जागृत आहे. महाराष्ट्रात आढळणारी गोरखचिंच म्हणजेच आफ्रिकेचा बाओबाब होय.

मानवी दुवेही ठळक आहेत. निजामशाहीचा मुत्सद्दी मलिक अंबर मूळचा इथियोपियाचा होता. १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवले, जे पुढे औरंगाबाद म्हणून ओळखले गेले. जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकी वंशाचे होते. उलट दिशेने, १९ व्या शतकात ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी भाषकांचे वंशज मॉरिशसमध्ये राहतात. आफ्रिकी संघाच्या या सदस्य देशातील शाळांत मराठी शिकवली जाते.