तीन मिनिटांत प्रबंध

या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने मोठा दुष्काळ पाहिला. २००७ साली ब्रिस्बेन परिसराला पाणी पुरवणाऱ्या प्रमुख धरणांतील साठा २० टक्क्यांच्याही खाली गेला. माणशी दिवसाला १४० लिटरच पाणी वापरा, असे आवाहन सरकारला करावे लागले. अंडी उकडताना लावतात ते तीन मिनिटांचे छोटे घड्याळ अनेकांनी न्हाणीघराच्या भिंतीवर बसवले. तीन मिनिटे झाली की फवारा बंद! (बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्यांना याची थोडी गंमत वाटेल.)

क्वीन्सलँड विद्यापीठात संशोधक विद्यार्थ्यांचे काम पाहणारे तेव्हाचे अधिष्ठाता अ‍ॅलन लॉसन यांना या घड्याळावरून एक कल्पना सुचली. तेवढ्याच वेळात पीएच.डी.चा विद्यार्थी आपले संशोधन विषयाबाहेरच्या माणसाला सांगू शकेल का? २००८ मध्ये अशी पहिली स्पर्धा झाली आणि तिच्यात १६० विद्यार्थी उतरले. ‘थ्री मिनिट थिसिस’ या नावाने ती आज ८०हून अधिक देशांत पोचली आहे. नियम साधे आहेत. एकच स्थिर चित्र पडद्यावर दाखवायचे. कोणतेही साहित्य हाती घ्यायचे नाही. गाणे किंवा कविता म्हणायची नाही, फक्त बोलायचे. तीन मिनिटांवर एक सेकंद गेला तरी स्पर्धक बाद.

थोडा हिशेब करू. प्रबंध ८०,००० शब्दांचा धरला आणि मिनिटाला दीडशे शब्द वाचले, तर तो वाचून दाखवायला जवळजवळ नऊ तास लागतील. तीन मिनिटांत मावतात साडेचारशे शब्द. म्हणजे पावणेदोनशे शब्दांमागे एक शब्द उरतो. हे सारांश काढून साधणारे काम नाही. कारण सारांशात सगळ्याच प्रकरणांचे थोडे थोडे येते, आणि इथे बहुतेक प्रकरणे पूर्णच सोडून द्यावी लागतात. काय सोडायचे, हे कोण ठरवणार आणि कशावरून?

हा प्रश्न मात्र तीन मिनिटांच्या घड्याळापेक्षा बराच जुना आहे.

‘थिसिस’ या शब्दाचा मूळ अर्थ जाडजूड ग्रंथ असा नव्हताच. थिसिस म्हणजे मांडलेले विधान. युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांत उमेदवार असे विधान सर्वांसमोर मांडी आणि त्यावर आलेल्या आक्षेपांना तोंडी उत्तरे देई. सगळा व्यवहार लॅटिनमध्ये चाले, त्यामुळे ‘सर्वांसमोर’चा अर्थ लॅटिन जाणणाऱ्यांसमोर, एवढाच होता. पुढे लेखी प्रबंध वाढत गेला आणि वादसभा मागे पडली. थोर गणिती गाऊस यांना १७९९ साली हेल्मश्टेट विद्यापीठाने डॉक्टरेट दिली, ती लॅटिन प्रबंधावर आणि तोंडी परीक्षा न घेता. योगायोग असा, की त्याच वर्षी लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना झाली. सामान्य श्रोत्यांना विज्ञान सांगणे हा तिच्या मूळ हेतूंपैकी एक होता.

या संस्थेत १८१३ मध्ये मायकेल फॅरेडे मदतनीस म्हणून लागले, तेव्हा ते २१ वर्षांचे होते. पुस्तकबांधणी शिकलेल्या या तरुणाजवळ कोणतीही पदवी नव्हती. पण त्याच वर्षी मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी व्याख्यान कसे द्यावे आणि कसे देऊ नये, याचा बारकाईने विचार केलेला आहे. श्रोत्यांकडे पाठ करू नये, तासापेक्षा जास्त बोलू नये, असे त्यांचे मत होते. वक्तृत्व हा उपजत गुण मानून ते थांबले नाहीत. त्यासाठी त्यांनी शिकवणी लावली. पुढे मोठे नाव झाल्यावरही ते व्याख्यानाच्या वेळी समोर ‘सावकाश’ असे लिहिलेले कार्ड ठेवत. बोलण्याच्या भरात त्यांचे त्याकडे दुर्लक्ष झाले, की मदतनीस अँडरसन ते कार्ड पुन्हा त्यांच्यासमोर आणून ठेवी. तास संपत आला की ‘वेळ’ असे लिहिलेले दुसरे कार्ड पुढे येई.

पण फॅरेडे प्रयोग दाखवू शकत. ज्याच्या विषयात दाखवण्यासारखे काहीच नाही, त्याने काय करावे? याचे मला माहीत असलेले सर्वांत सुंदर उदाहरण जर्मनीतील ग्योटिंगेनचे आहे.

१८५४ साली बर्नहार्ट रीमान हा २७ वर्षांचा लाजाळू गणिती तिथे अध्यापनाचा अधिकार मिळवू पाहत होता. डॉक्टरेट झाली होती. आता विद्याशाखेसमोर एक व्याख्यान द्यायचे होते. प्रथेप्रमाणे त्याने तीन विषय सुचवले. पहिल्या दोहोंची तयारी झालेली होती. गाऊसने नेमका तिसरा निवडला : भूमितीच्या पायाशी असलेली गृहीतके. १० जूनला व्याख्यान झाले. समोर ७७ वर्षांचा गाऊस होता, पण ही तत्त्वज्ञान विद्याशाखा होती; इतिहास आणि भाषांचे अभ्यासकही तिच्यातच मोडत. समीकरणांची रांग लावली असती, तर गाऊसखेरीज फारसे कोणी सोबत राहिले नसते. म्हणून रीमानने सूत्रे जवळजवळ वगळली आणि एक प्रश्न हाती धरला : अवकाशाची भूमिती कशी आहे, हे आपल्याला कशावरून कळते?

वर्गात हा प्रश्न असा मांडता येईल (उदाहरण माझे आहे, रीमानचे नव्हे). कागदावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश. आता पृथ्वीगोल घ्या. उत्तर ध्रुवावरून दोन रेखावृत्ते विषुववृत्तापर्यंत आणा. तिथले दोन कोनच मिळून १८० अंश झाले. ध्रुवावरचा कोन वेगळाच. म्हणजे त्रिकोणाचे कोन मोजून आपण कसल्या पृष्ठभागावर आहोत, ते ठरवता येते. आपल्या अवकाशाची भूमितीही अशी अनुभवाने, मोजमापानेच ठरवावी लागेल, हे रीमानचे म्हणणे होते. गाऊस प्रभावित होऊन परतला. १९१५ मध्ये आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत याच गणितावर उभा राहिला. माझे मत असे, की सूत्रे बाजूला ठेवल्यामुळे त्या दिवशी विषय उथळ झाला नाही. त्याचा गाभा उघडा पडला. अर्थात सूत्रांचे काम आधी झालेले होते, हे विसरून चालणार नाही. जे पूर्ण कळले आहे, तेच वगळता येते.

तीन मिनिटांच्या स्पर्धेत एक धोका आहे. समजा, एखादी विद्यार्थिनी हिवतापाच्या परजीवीतील एका प्रथिनावर काम करते आहे. चार वर्षांत तिला कळले, की हे प्रथिन अडवले तर काचनळीत परजीवीची वाढ मंदावते. प्रबंधात या एका वाक्याभोवती ‘कदाचित’, ‘या परिस्थितीत’, ‘आणखी तपासावे लागेल’ यांचे कुंपण आहे. घड्याळ समोर असताना पहिले तेच कुंपण पडते, आणि श्रोता घरी जाऊन सांगतो की हिवतापावर औषध सापडले. परीक्षकांच्या निकषांत संशोधनाला क्षुल्लक किंवा सरसकट रूप दिले नाही ना, हा मुद्दा आहे. तो तिथे असणे योग्यच. मात्र स्पर्धेचे गुण त्या तीन मिनिटांच्या बोलण्याला आहेत. मध्ययुगीन वादसभेचा प्राण असलेली प्रश्नोत्तरे या मांडणीत उरलेली नाहीत. श्रोत्याने ‘कशावरून?’ विचारले असते, तर ते कुंपण दोन वाक्यांत परत उभे राहिले असते.

भारतात विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ ही योजना सुरू केली. तिच्यात संशोधक विद्यार्थी आपल्या कामावर सामान्य वाचकांसाठी लेख लिहितात. शिवाय आपल्याकडे अनेक विद्यापीठांत पीएच.डी.ची अखेरची तोंडी परीक्षा खुली असते. सूचना लागते, कोणीही येऊन बसू शकतो. येतात ते बहुधा विभागातलेच लोक. गावाजवळ विद्यापीठ किंवा संशोधन केंद्र असेल, तर अकरावी-बारावीच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन अशा परीक्षेला जरूर जा. बहुतेक भाग डोक्यावरून जाईल. पण परीक्षा संपल्यावर चहाच्या वेळी त्या नव्या डॉक्टरला गाठा आणि मुलांना विचारू द्या : तुम्ही नेमके काय शोधले, ते मराठीत सांगाल का? आणि ते कशावरून?