आजोबांच्या रेडिओचं लायसन

दिवाळीच्या आधी माळा आवरायचं काम माझ्याकडे असतं आणि दरवर्षी ते अर्धवट राहतं. पहिल्याच ट्रंकेत काहीतरी सापडतं आणि मी तिथेच बसकण मारतो. यंदा सापडलं ते एक छोटं पुस्तक. पासबुकाएवढं, कोपरे उंदरांनी कुरतडलेले, आत ओळीने चिकटवलेली तिकिटं आणि त्यांवर पोस्टाचे गोल शिक्के. आजोबांच्या रेडिओचं लायसन!

ज्यांचा जन्म ऐंशीच्या नंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगतो: हो, रेडिओ ऐकायला लायसन लागायचं. बंदुकीला लागतं तसं. दरवर्षी पुस्तक घेऊन पोस्टात जायचं, पंधरा रुपये भरायचे, तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात हे प्रकरण एकदाचं संपलं. आमच्याकडे मर्फी होता, फळीवर, आजीने विणलेल्या झालरीखाली. आजोबा शाळामास्तर. पगार होण्याआधी उसने पैसे आणतील, पण रेडिओचं लायसन एक दिवस उशिरा भरणार नाहीत. आजी त्यांची चेष्टा करायची. "बातम्या तर फुकट ऐकू येतात, मग पैसे कसले देता?" आजोबांचं उत्तर ठरलेलं. "कायदा आहे."

कोणता कायदा, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते पुस्तकातच छापलेलं निघालं. इंडियन टेलिग्राफ ॲक्ट, १८८५. मी दोनदा वाचलं. १८८५ साली मार्कोनी अकरा वर्षांचा होता. रेडिओ नावाची वस्तू जगात नव्हती. मग तारेच्या कायद्याने आजोबांचा मर्फी कसा काय धरला?

माळा तसाच राहिला. मी वाचत बसलो.

हिंदुस्थानात तार आणली विल्यम ओ'शॉनेसी नावाच्या एका डॉक्टरने. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. (गांजाचा औषधी उपयोग युरोपातल्या डॉक्टरांना समजावून सांगणाराही हाच. माणूस उद्योगी होता.) १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी प्रयोगाची लाइन पडली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडले गेले. १८५५ मध्ये तार सर्वसामान्य लोकांसाठी खुली झाली. पण कायदा त्याच्या आधीच, १८५४ मध्ये, आला होता. तारा टाकायचा अधिकार फक्त सरकारचा. आधी कुलूप, मग दार.

तीनच वर्षांत त्या कुलपाची किंमत कळली. ११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले आणि दिल्लीच्या तार ऑफिसातल्या पोरसवदा कारकुनांनी ती खबर अंबाल्याला कळवली. तिथून ती लाहोरला गेली. तिथल्या देशी पलटणींना काही करायची संधी मिळायच्या आत, १३ मे रोजी, त्यांची हत्यारं काढून घेण्यात आली. तारेने साम्राज्य वाचवलं असं इंग्रज पुढे फार कौतुकाने सांगत. त्यात अतिशयोक्ती बरीच आहे. पण राज्यकर्त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: निरोप ज्याच्या हातात, त्याच्या हातात मुलूख.

१८८५ चा कायदा याच समजुतीतून आला. त्यातली दोन कलमं महत्त्वाची. चौथं म्हणतं की तार उभारण्या-चालवण्याचा अधिकार सरकारचा, इतरांनी परवाना घ्यावा. पाचवं म्हणतं की सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज पडली, तर सरकार कुणाचाही निरोप अडवू शकतं, उघडून वाचू शकतं. आणीबाणी आहे की नाही, हे कोण ठरवणार? तेही सरकारच. आणि 'तार' म्हणजे काय याची व्याख्या पहिल्यापासूनच ऐसपैस होती, टेलिफोन तिच्यात होताच. १९६१ च्या दुरुस्तीने तर ती इतकी सैल झाली की खुणा, अक्षरं, चित्रं, आवाज, काहीही पाठवणारं किंवा घेणारं यंत्र म्हणजे 'तार'. आमचा मर्फी त्या जाळ्यात होता. तुमच्या खिशातला मोबाइलही पुढे त्यातच आला.

रेडिओपुरता १९३३ मध्ये आणखी एक वेगळा कायदा झाला. बिनपरवाना वायरलेस जवळ बाळगणं हाच गुन्हा. इथे उषा मेहतांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. १९४२ च्या ऑगस्टात सगळे पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि मुंबईत बावीस वर्षांची ही मुलगी काही मित्रांना घेऊन काँग्रेस रेडिओ चालवते आहे. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या, म्हणून ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवत राहायचं. नोव्हेंबरात पारेख वाडीत धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्या मुंबईतच प्राध्यापक म्हणून राहिल्या, २००० साली गेल्या. मुंबईत इतकी वर्षं काढून मी त्यांना एकदाही भेटायला गेलो नाही याची चुटपुट आहे.

आजोबा तेव्हा विद्यार्थी होते. गावात एकाच घरी रेडिओ होता आणि दार लावून, गोधडी पांघरून तो ऐकलेला त्यांना चांगला आठवत होता. काय ऐकलं ते विचारलं की प्रत्येक वेळी वेगळं सांगायचे, पण गोधडी मात्र कायम असायची.

आणि गंमत बघा. चोरून रेडिओ ऐकणाऱ्या त्या पोराचं राज्य आलं, आणि तो मोठा होऊन निमूटपणे रेडिओचं लायसन भरू लागला. त्याच कायद्याखाली. कायदा बदलावा असं नव्या राज्यकर्त्यांना वाटलं नाही. आपलं सरकार आहे, मग भिती कसली, असा हिशेब असणार. १९७२ मध्ये पाचव्या कलमात देशाची सार्वभौमता वगैरे कारणं लिहिली गेली. तीन वर्षांनी खरोखरीची आणीबाणी आली. त्या दिवसांत आजोबा बातम्या ऐकताना मान हलवायचे, असं बाबा सांगतात. होकारार्थी की नकारार्थी, ते त्यांनाही कळायचं नाही.

पुढची कथा कोर्टातली आहे, ती थोडक्यात. १९९३ चा हिरो कप आठवतो? सेमीफायनल, ईडन गार्डन, दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्यात आणि शेवटची ओव्हर टाकायला सचिन. त्याच स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून भांडण झालं होतं. परदेशी कंपनीला इथून चित्र पाठवू द्यायचं की नाही? सरकारने पुढे केलं ते १८८५ चं चौथं कलम. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. मुख्य निकालपत्र आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचं. आज जे शेकडो चॅनेल रात्री नऊ वाजता एकाच वेळी ओरडतात, त्यांच्या मुळाशी हा निकाल आहे. (सावंतसाहेबांना त्याचा दोष देता येणार नाही.)

फोन चोरून ऐकण्याचं प्रकरणही असंच. १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना त्यापायी खुर्ची सोडावी लागली, आणि शेवटी १९९६ च्या डिसेंबरात कोर्टाने त्यावर नियम घालून दिले. लेखी हुकूम हवा, वरिष्ठ सचिवाचा हवा, त्याची तपासणी व्हायला हवी. पाचवं कलम मात्र राहिलं.

२०१३ च्या जुलैत तार बंद झाली. १४ तारखेला, रविवारी, तार ऑफिसांत लोकांची झुंबड उडाली. मीही बाबांना एक तार करणार होतो, पण पाऊस होता आणि आळस होता. तार गेली. तारेचा कायदा राहिला.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे माझं आणि बाबांचं भांडण. २०१७ मध्ये त्याच १८८५ च्या कायद्याखाली इंटरनेट तात्पुरतं बंद करण्याचे नियम झाले. ९ ऑगस्ट २०१८ ला मराठा आंदोलनाचा बंद होता आणि पुणे जिल्ह्याच्या काही तालुक्यांत नेट बंद करण्यात आलं. आत्या त्यांतल्याच एका तालुक्यात राहते. तिचे रिपोर्ट डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे होते, ते दिवसभर गेले नाहीत. तसं फार काही बिघडलं नाही, पण मी चिडलो. बाबा शांतपणे म्हणाले, "राईनपाडा विसरलास?"

विसरलो नव्हतो. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी गरीब माणसं. अफवा मोबाइलवरूनच फिरत होती. "त्या दिवशी तिथलं नेट बंद असतं तर?" बाबांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येत नाही. अफवा बाजारात तोंडोतोंडीही पसरते, १८५७ च्या चपात्यांना कुठे नेट होतं, असं काहीतरी मी बोललो. बोलताना मलाच ते पोकळ वाटलं.

मग माझं म्हणणं काय? नेट कधीच बंद करू नये असं मी म्हणत नाही. मला तो कागद दिसायला हवा. कुणी हुकूम काढला, कोणत्या कारणाने, किती तासांसाठी. आजोबांच्या हातात निदान पुस्तक होतं. अटी छापलेल्या, कायद्याचं नाव लिहिलेलं. आत्याच्या हातात काय होतं? गोल गोल फिरणारं चक्र. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून महिनोन् महिने नेट बंद राहिलं, तेव्हा कोर्टापुढेही हुकूम धडपणे ठेवले गेले नव्हते. असे हुकूम प्रसिद्ध केलेच पाहिजेत, हे जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. बाबांना हे पटतं. फक्त ते म्हणतात, दंगल पेटल्यावर कागद कोण वाचत बसतो? मी म्हणतो, दंगल विझल्यावर तरी वाचता यावा.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. विरोधी पक्षांचे शंभरावर खासदार त्या अधिवेशनात निलंबित होते, त्यामुळे चर्चा फारशी झालीच नाही. १८८५ चा कायदा जाणार म्हणून मी उत्साहाने नवा वाचायला घेतला. विसाव्या कलमापाशी आलो. सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज पडली, तर... पुढचं तुम्हाला पाठ झालं असेलच. २६ जून २०२४ पासून ते कलम लागू आहे. (आणीबाणी जाहीर झाल्याचा दुसरा दिवसही २६ जूनच. योगायोग असावा.) नोव्हेंबर २०२४ च्या नियमांत हुकूम प्रसिद्ध करायची आणि पंधरा दिवसांच्या मर्यादेची अट आली, तेवढं बरं झालं. पाळली जाते का, ते पुढच्या बंदच्या वेळी बघू. आत्याला सांगून ठेवलंय, चक्र फिरायला लागलं की फोन कर, मी हुकूम शोधतो.

लायसनचं पुस्तक बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून एकेक शिक्का वाचला आणि ते आपल्या कपाटात, घराच्या कागदांच्या फायलीत ठेवून दिलं. "राहू दे, सरकारी कागद आहे," म्हणाले.

आता प्रश्न मर्फीचा. आत्या म्हणते तो काकांनी भंगारात दिला. काका म्हणतात आत्याच लग्नानंतर घेऊन गेली. झालर मात्र आमच्याकडेच आहे. कुणाला खरं ठाऊक असेल तर कळवा.