‘पब्लिक हाऊस’मधील ‘पब्लिक’

इंग्लंडमधील मद्यगृहांचा इतिहास ज्या साधनांवरून लिहिला जातो ती बहुतांशी गिऱ्हाइकाने निर्माण केलेली नाहीत. परवान्यांच्या नोंदी, दंडाधिकाऱ्यांपुढील तक्रारी, करवसुलीची विवरणे, बिअर गाळणाऱ्यांचे हिशेब आणि मद्यपाननिषेधकांची पत्रके यांतून मद्यगृहाचा धनी दिसतो, सरकार दिसते, नीतिसुधारक तर फारच दिसतो. परंतु पैसे मोजून जो तेथे बसला, प्याला आणि जेवला, त्याचा स्वतःचा शब्द क्वचितच हाती लागतो. अशा स्थितीत त्या संस्थेची परिभाषा हे एक उपेक्षित साधन ठरते. ‘पब’ हा ज्याचा संक्षेप, त्या ‘पब्लिक हाऊस’ या नावाचा शब्दशः अर्थ सर्वांसाठी खुले असलेले घर. हे ‘सर्व’ म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर मात्र त्या घराच्या आतील दालनांची नावे निराळेच देतात.

जुन्या इंग्रजीत या घराला एकच नाव नव्हते. ‘इन’ म्हणजे प्रवाशाला अन्न व निवारा देणारी धर्मशाळेसारखी परंतु पैसे घेणारी जागा. ‘टॅव्हर्न’ म्हणजे द्राक्षमद्य विकणारे, बऱ्या स्थितीतील लोकांचे ठिकाण. आणि ‘एलहाऊस’ म्हणजे घरी गाळलेली ‘एल’ विकणारे गरिबाचे घर. यांपैकी ‘टॅव्हर्न’ हा लॅटिन ‘ताबेर्ना’चा वंशज. त्याच मूळ शब्दाची पोर्तुगीज शाखा ‘ताव्हेर्न’ या रूपाने गोमंतकात रूढ झाली, हे येथे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही. १५५२ च्या कायद्याने एलहाऊस चालविण्यास दंडाधिकाऱ्यांचा परवाना आवश्यक झाला आणि १५७७ मध्ये कराच्या हेतूने या तिन्ही प्रकारांची गणती करण्यात आली. तीत एलहाऊसांची संख्या इतरांहून कितीतरी अधिक भरली. जेथे बहुसंख्य लोक पीत होते त्या घरांविषयी आज जी माहिती मिळते ती अशी महसुलाच्या चाळणीतून गळून आलेली आहे. या दृष्टीने मद्यगृहाच्या धन्यास लावला जाणारा ‘पब्लिकन’ हा शब्द लक्षणीय आहे. त्याचा लॅटिन पूर्वज सार्वजनिक महसुलाच्या मक्तेदाराचा वाचक होता. इंग्रजी बायबलातील ‘पब्लिकन’ मराठी बायबलात ‘जकातदार’ होतो तो त्यामुळेच. मराठीतील दारूचा ‘गुत्ता’ हाही मुळात मक्त्याचाच शब्द. दोन्ही भाषांत मद्यगृहाच्या नावावर सरकारी वसुलीची छाया पडावी, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

गिऱ्हाइकाने स्वतः लिहून ठेवलेला ठळक पुरावा म्हणजे सॅम्युएल पीप्स याची १६६० ते १६६९ या काळातील दैनंदिनी. लघुलिपीत लिहिलेल्या या दैनंदिनीत लंडनमधील मद्यगृहांचे उल्लेख पदोपदी येतात. १० एप्रिल १६६३ रोजी लोंबार्ड रस्त्यावरील ‘रॉयल ओक’मध्ये त्याने एक फ्रेंच मद्य चाखले, त्याचे नाव ऐकू आले तसे ‘हो ब्रायन’ असे लिहिले आणि अशी चव यापूर्वी कधी घेतली नव्हती असा अभिप्राय नोंदविला. बॉर्दोजवळील ओ-ब्रियोंच्या मद्याचा हा उल्लेख आज प्रसिद्ध आहे. पीप्सच्या लेखनात येणारा ‘ऑर्डिनरी’ हा शब्दही मोलाचा आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भावात, सर्वांनी एकाच पंगतीत घ्यावयाचे जेवण, आणि पुढे ते देणारे घरही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडील खाणावळीशी त्याचे नाते सहज जुळते. मद्य न पिण्याच्या शपथा घेणारा व त्या मोडणारा पीप्स वाचकाला आपलासा वाटतो खरा. तथापि तो नौदलाच्या कचेरीतील अधिकारी होता. त्याच्या साक्षीवरून एलहाऊसातील हमालाचा अनुभव काढू पाहणे धोक्याचे आहे.

१८३० च्या बिअरहाऊस कायद्याने चित्र पालटले. दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्या गृहस्थास बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि हजारो नवी घरे उघडली. १८६९ मध्ये ही मोकळीक आवरण्यात आली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी भव्य मद्यगृहे उभी राहिली त्यांत एक विलक्षण गोष्ट आढळते. दरवाजे अनेक, दालने अनेक, परंतु मद्य वाढणारा काउंटर मधोमध एकच. ‘पब्लिक बार’ कष्टकऱ्यांचा, ‘सलून बार’ प्रतिष्ठितांचा, आणि ‘स्नग’ म्हणजे ज्याला, किंबहुना जिला, दिसावयाचे नाही त्या व्यक्तीची लहानशी खोली. सलूनच्या बाजूस काउंटरवर डोक्याच्या उंचीला फिरत्या काचेच्या झडपा असत. त्यांना ‘स्नॉब स्क्रीन’ म्हणत. पिणाऱ्या सभ्य गृहस्थाचे तोंड पलीकडच्यांना दिसू नये, एवढेच त्यांचे प्रयोजन. लंडनच्या ब्लूम्सबरी भागातील ‘द लॅम’ या पबमध्ये त्या आजही पाहावयास मिळतात. एका छपराखालील अनेक खोल्यांपैकी नेमक्या हलक्या खोलीलाच ‘पब्लिक’ हे विशेषण उरावे, हा अर्थसंकोच बोलका आहे.

या विभागणीचे सर्वांत तपशीलवार वर्णन ‘मास ऑब्झर्वेशन’ या संस्थेने केले. १९३७ मध्ये टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज व हम्फ्री जेनिंग्ज यांनी ती स्थापन केली. तिच्या निरीक्षकांनी लँकाशायरमधील बोल्टन या गिरणगावात, कोपऱ्यात बसून, घड्याळ लावून नोंदी घेतल्या. ‘द पब अँड द पीपल’ हा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. बोल्टनमध्ये साध्या दालनाला ‘व्हॉल्ट’ म्हणत. तेथे पुरुष उभ्याने पीत, थुंकत, डॉमिनो खेळत. स्त्रियांना तेथे मज्जाव होता. ‘लाउंज’मध्ये खुर्च्या, पियानो आणि स्त्रियांची सोबत, आणि बिअर तीच असली तरी पाइंटमागे एक पेनी अधिक. गिऱ्हाईक हा जादा पेनी बिअरसाठी नव्हे तर शेजाऱ्यासाठी मोजीत होते. घरे आणि कारखाने वगळता गावातील लोकांचा सर्वाधिक वेळ पबमध्ये जातो, असाही या ग्रंथाचा निष्कर्ष आहे. बरोबर बसलेली मंडळी जवळजवळ एकाच वेळी पेला रिता करतात, हे निरीक्षण तर फारच मार्मिक. प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी मागवावयाचे, या ‘राउंड’च्या प्रथेत मागे राहणाराला संकोच आणि पुढे धावणाराला लोभी ठरण्याचे भय. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, सरकारने दुसऱ्यास पाजण्यावरच बंदी घातली होती. तिचा रोख या प्रथेवरच होता. लोक बिअर का पितात असे विचारता पुष्कळांनी ‘प्रकृतीसाठी’ असे उत्तर दिले. ही भाषा जाहिरातींतून आलेली दिसते. तेव्हा गिऱ्हाइकाचा शब्द हाती आला तरी तो सर्वस्वी त्याचाच असतो असे मानण्याचे कारण नाही.

खाण्याचा प्रश्न येथे थोडक्यात पाहता येईल. ‘ऑर्डिनरी’ मागे पडल्यावर बऱ्याच पबमध्ये पाव, चीज, लोणची यांपलीकडे फारसे काही मिळेनासे झाले. सरकारने महायुद्धकाळात कार्लाईल येथील मद्यगृहे ताब्यात घेऊन १९१६ मध्ये ‘ग्रेट्ना टॅव्हर्न’ उघडले, त्यात गरम जेवणावर भर होता. भरल्या पोटी मनुष्य कमी पितो, हा हेतू. जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या पत्रात आपल्या आदर्श पबचे वर्णन केले. त्यात माडीवर दुपारचे भरभक्कम जेवण आहे, नावाने ओळखणाऱ्या वाढपिणी आहेत, मुलांसाठी बाग आहे. फक्त असा पब अस्तित्वात नाही, हे तो शेवटी सांगून टाकतो. ‘प्लाउमन्स लंच’ म्हणजे नांगऱ्याचे जेवण हे प्राचीन वाटणारे नावही १९५० नंतरच्या चीजविक्रीच्या मोहिमेतून लोकप्रिय झाले. पदार्थ जुना, नाव मात्र व्यापाऱ्याचे.

दालनांच्या या उतरंडीचा खरा कस लागला तो वसाहतींतून आलेले कामगार इंग्लंडमध्ये स्थिरावू लागल्यावर. बर्मिंगहॅमजवळील स्मेदिक या ओतकारखान्यांच्या गावी अनेक पबमध्ये काळ्या व भारतीय गिऱ्हाइकास ‘पब्लिक बार’मध्ये पेला मिळे, पलीकडच्या ‘स्मोक रूम’मध्ये मिळत नसे. व्हिक्टोरियन काळात वर्गभेदासाठी उभारलेली भिंत वर्णभेदासाठी आयतीच उपयोगी पडली. इंडियन वर्कर्स असोसिएशनने, विशेषतः ओतकारखान्यातील कामगार अवतारसिंग जौहल यांनी, या भेदाविरुद्ध चळवळ चालविली. गोरे विद्यार्थी आणि भारतीय कामगार यांनी मिळून पबमध्ये जावयाचे, कोणास पेला मिळतो आणि कोणास नाकारला जातो ते नोंदवावयाचे, आणि परवान्याच्या नूतनीकरणास हरकत घ्यावयाची, अशी त्यांची रीत होती. ज्या परवान्याच्या दप्तरात गिऱ्हाइकाचा आवाज शतकानुशतके उमटला नव्हता, त्यातच तो उमटविण्याचा हा प्रयत्न होय. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स स्मेदिकला आले असता जौहल त्यांना ‘ब्लू गेट्स’ या पबमध्ये घेऊन गेले. तेथे स्मोक रूममध्ये त्यांना पेला नाकारण्यात आला. त्यानंतर नवव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षीच्या वंशसंबंधविषयक कायद्याने ‘सार्वजनिक वावराच्या’ ठिकाणी असा भेद करणे बेकायदा ठरविले. ‘पब्लिक’ या शब्दाला पबच्या संदर्भात अशी कायद्याची धार प्रथमच आली. स्त्रियांना मात्र आणखी थांबावे लागले. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील ‘एल व्हिनो’ या मद्यगृहात काउंटरपाशी उभे राहून पेला घेण्याचा त्यांचा हक्क अपील न्यायालयाने मान्य केला तो १९८२ मध्ये.

मधल्या भिंती बहुतेक ठिकाणी पुढे पाडल्या गेल्या. त्यात समतेपेक्षा जागेच्या हिशेबाचा वाटा मोठा होता. १९९१ मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर ‘द ईगल’ सुरू झाला आणि त्याच्यासाठी ‘गॅस्ट्रोपब’ असा नवा शब्द घडविला गेला. भाव वाढला, आणि जुने गिऱ्हाईक पुष्कळ जागी बाहेर पडले. स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमिच येथे मात्र पंजाबी धन्यांनी चालविलेले पब उभे राहिले. तेथे बिअरबरोबर कांद्यावर रचलेल्या तंदुरी मांसाचे तापलेले ताट मिळते. त्या ताटाचे नाव ‘मिक्स्ड ग्रिल’ असे इंग्रजीच आहे, आणि ते मिळणाऱ्या घरास ‘देसी पब’ म्हणतात.