मात्सुमोतोचा कललेला किल्ला

जपानच्या नागानो प्रांतात, पर्वतांनी वेढलेल्या सपाटीवर मात्सुमोतो हे शहर आहे. सिंहगड-राजगड पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना तिथला किल्ला प्रथम किल्लाच वाटेना. डोंगर नाही, कडा नाही. खंदकाच्या पाण्यात उभा एक काळाभोर लाकडी वाडा! सोळाव्या शतकाच्या अखेरीस इशिकावा घराण्याने तो बांधला. बाहेरून मजले मोजावेत तर पाच, आत शिरावे तर सहा. एका मजल्याला खिडकीच ठेवलेली नाही. जिने असे उभे, की माळ्यावरची शिडी बरी!

शेजारी तांबड्या कठड्यांचे एक दालन आहे, निव्वळ चंद्र पाहण्यासाठी. शोगुन इएमित्सु येणार म्हणून 1633 च्या सुमारास ते जोडले. स्वारी काही आली नाही. पण लढाईच्या वास्तूला कोजागरीची सोय करणारी ही माणसे मला आवडली.

किल्ल्याखालच्या रयतेची कथा मात्र निराळी आहे. 1686 साली, आधीच पीक बेताचे असता, दरबाराने भाताचा सारा वाढवला. तादा कासुके नावाच्या गावकऱ्याने अर्ज लिहिला. हजारो शेतकरी किल्ल्यापाशी जमले. अधिकाऱ्यांनी लेखी वचन दिले, जमाव घरोघर परतला, आणि मग वचन फिरवून अठ्ठावीस जणांचा वध झाला. त्यांत ओशुन नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. वधस्तंभावरून कासुकेने किल्ल्यावर अशी नजर रोखली, की किल्ला कलला, असे लोक सांगतात.

गंमत अशी, की किल्ला खरोखरच कलला होता! मेइजी काळातल्या छायाचित्रात तो स्पष्ट वाकलेला दिसतो. पायातले लाकडी खांब कुजले होते, हे त्याचे कारण. मला ते पटते. पण शापाची कथा कोणी रचली असेल आणि का, हेही उमगते.

1872 साली हाच किल्ला लिलावात निघाला. तो पाडला जायचा. पण इचिकावा र्योझो या गृहस्थाने त्यात प्रदर्शने भरवून पैसा उभा केला आणि तो सोडवला. पुढे कोबायाशी उनारी या मुख्याध्यापकाने लोकांना हाताशी धरून 1903 ते 1913 अशी दहा वर्षे दुरुस्ती चालवली. ज्या रयतेची मान इथे कापली गेली, तिच्याच नातवंडा-पतवंडांच्या गावाने किल्ल्याची मान सरळ केली. जवळच्या आझुमिनोत 1992 साली कासुके आणि त्याच्या सोबत्यांचे स्मारक-संग्रहालय झाले.