‘ले’चा गुन्हा काय?

सिनेमात एखादं पात्र ‘मले’, ‘तुले’ म्हणालं की ते बहुतेक वेळा हसवायलाच आलेलं असतं. आम्ही अमरावतीची पोरं वहीत ‘मला’ लिहायचो आणि मधल्या सुट्टीत ‘मले’ बोलायचो. ‘ले’ म्हणजे बिघडलेला ‘ला’, असं आम्हाला सांगितलं जायचं.

जुनी मराठी मात्र वेगळंच सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. आज आपण ‘ला’ लावतो तिथे त्यात मुख्यतः ‘सि’ आणि ‘तें’ येतात. म्हणजे तेव्हा राज्य ‘ला’चंही नव्हतं आणि ‘ले’चंही नव्हतं.

जुन्या मराठीत ‘साठी’ या अर्थाने ‘लागी’ही होता. ‘लागणे’च्या याच कुळातून ‘ला’ आला, असं बरेच अभ्यासक मानतात. शब्दयोगी अव्ययं अशीच घडतात. आधी ती धडधाकट नामं किंवा क्रियापदं असतात, मग शेजारच्या शब्दाला टेकतात आणि झिजत जातात. ‘मुळे’त मूळ आहे, ‘कडे’त कड, ‘करिता’त करणं, ‘तुझ्यापायी’त चक्क पाय. फारच झिजलं की व्याकरण त्याला प्रत्यय म्हणतं.

मग ‘ला’ तेवढा शुद्ध, हे ठरलं कुठे? मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं, दोन्ही मुंबईचे. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं. इंग्रजांच्या ताब्यात ते आलं १८५३मध्ये. छापील मराठीचा साचा तयार होत होता, तेव्हा आम्ही त्या इलाख्यातच नव्हतो.

आणि नियमच बघायचा तर तो प्रत्ययाच्या आधी बघा. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी ‘अकोला’चं ‘अकोल्या’ होतं. याला सामान्यरूप म्हणतात. ‘अकोल्याले जातो’ म्हणणारा वऱ्हाडी माणूस हा नियम चोख पाळतो. मोबाइलवर ‘अकोला ला’ असं तोडून लिहिणारा तो मोडतो, पण त्याला कुणी हसत नाही.

परीक्षेत ‘मला’ लिहावं. सगळ्यांना वाचता यावी अशी एक लेखी रीत हवीच. पण ‘सर, मले येते’ म्हणत हात वर करणाऱ्या पोराला हसून खाली बसवायला व्याकरणात कुठलाही आधार नाही.