बेघरांचा निवारा, वऱ्हाडातील

अमरावती व अकोला या जिल्ह्यांत हक्काचे घर नसलेल्यांसाठी शासनाने वेळोवेळी केलेली तरतूद. वऱ्हाडी खेड्यात वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ व पेरणीच्या जमिनीला ‘काळी’ म्हणतात. भूमिहीन मजुराजवळ काळी तर नसतेच. पुष्कळदा त्याची झोपडीही सरकारी वा दुसऱ्याच्या पांढरीत उभी असते. त्यामुळे येथील बेघरपणाचा प्रश्न छपराइतकाच छपराखालच्या जागेचा आहे. शासकीय योजनांनी ही बाजू उशिरा ओळखली.

ब्रिटिश अंमलात अशा लोकांचा विचार मुख्यतः दुष्काळाच्या निमित्ताने झाला. दुष्काळसंहितेनुसार धडधाकट माणसाला सरकारी कामावर मजुरी मिळे, तर काम करू न शकणाऱ्या व भटकत आलेल्या निराधारांसाठी गरीबखाने उघडले जात. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडलाही ही व्यवस्था राबवावी लागली. गरीबखान्याचा हेतू माणूस जगविणे एवढाच असे. पाऊस पडला की तो बंद होई आणि आश्रितांनी आपापल्या गावी जावे, असे गृहीत धरले जाई. गावी जागाच नसलेल्याचे काय, याचे उत्तर त्या संहितेत नव्हते.

ही उणीव काही अंशी लोकांनी भरून काढली. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे गेले. सावकारी कर्जापायी मामाची जमीन गेलेली त्यांनी पाहिली होती. पुढे त्यांनी लोकवर्गणीतून पंढरपूर, नासिक, आळंदी, मुंबई इ. ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ च्या सुमारास स्थापिलेल्या तपोवनाने, घराने टाकलेल्या कुष्ठरुग्णांना नुसते उपचार न देता वस्ती दिली. मुंबई राज्याच्या १९५९ च्या भीक-प्रतिबंधक कायद्याची दृष्टी याच्या अगदी उलट होती. उपजीविकेचे साधन न दिसणाऱ्या भटक्या माणसालाही त्याने भिकारी ठरविले व डांबून ठेवण्याची तरतूद केली.

भूमिहीन ग्रामीण मजुरांना घरासाठी जागा देण्याची केंद्रीय योजना १९७१ मध्ये सुरू झाली व १९७४ मध्ये राज्यांकडे सोपविण्यात आली. जागेचा प्रश्न येथे प्रथमच नेमकेपणाने हाताळला गेला. पण १९८५-८६ मध्ये निघालेली इंदिरा आवास योजना ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रमाचा एक भाग होती. म्हणजे दुष्काळी कामांप्रमाणेच येथेही निवारा रोजगाराच्या खात्यातून आला. १९९६ मध्ये ती स्वतंत्र झाली. तिची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) घेतली. तीत सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले, केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० राहिला आणि रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांच्या मजुरीची जोड देण्यात आली.

हे अनुदान बांधकामाचे आहे. जागा लाभार्थ्यानेच दाखवावयाची असते. जागा नसलेल्यास ती विकत घेता यावी म्हणून राज्याने २०१५ मध्ये ५० हजार रुपयांपर्यंतच्या साहाय्याची योजना काढली. परंतु पैसा असला तरी गावठाणालगत विकाऊ जागा असतेच असे नाही. वऱ्हाडात ‘ई-क्लास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी जमिनीवर वस्त्या वाढल्या त्या यामुळेच. या वस्त्यांविषयी दोन धोरणे परस्परांना छेदतात. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये राज्यांना दिला. तर १ जानेवारी २०११ पूर्वीची सरकारी जमिनीवरील निवासी अतिक्रमणे काही अटींवर नियमानुकूल करण्याचे राज्य शासनाने २०१८ मध्ये ठरविले. चराईची जमीन राखावयास हवी, हे खरेच. पण त्याच तुकड्यावर दोन पिढ्या राहिलेल्या मजुराला दुसरी पांढरी कोणी दाखविलेली नसते. अनुदान मंजूर होऊनही त्याची भिंत उठत नाही, ती या पेचामुळे.

शहरांतील व्यवस्था निराळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील आदेशांनंतर मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा, हे प्रमाण मान्य झाले. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून महापालिकांना त्यासाठी निधी मिळू लागला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सु. २ लाख ११ हजार बेघर आढळले. ही गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीची होती. उघड्यावर वा पुलाखाली झोपलेले तीत आले. ई-क्लासवरील झोपडीतले मात्र घर असलेल्यांतच मोजले गेले. कपाशीची वेचणी आटोपल्यावर मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर जाणारे आणि तेथेच पालात राहणारे वऱ्हाडी मजूर कोठे मोजले जावेत, हे तर ते त्या रात्री कोठे असतील यावरच अवलंबून राहते.